दोनदा दाबायचं बटण

नवी पेठेत, रेवणसिद्धच्या दुकानात
काचेखाली मांडलेल्या पॉवरबँका,
काळ्या, पांढऱ्या, एक चक्क गुलाबी.
बाहेर एप्रिल, पारा चव्वेचाळीसवर,
आणि मी एकेक हातावर तोलून बघतेय.
"अक्का, वजनावर घेत नसतात ओ ह्या."
म्हटलं, अठरा वर्षं टॉवेल मोजलेत,
ग्रॅमात खोटं बोललेलं हाताला कळतं माझ्या.
तो हसला. "काहीजण आत वाळू भरतात.
मग काय करता?"

मग आकडे.
दहा हजार, वीस हजार, एकीवर तर पन्नास,
पगार सांगितल्यासारखे.
"वीस छापलंय ना, त्यातले बारा-तेरा पोचतात.
बाकीचे वाटेतच गरम होऊन जातात."
हे मात्र लगेच पटलं.
आमच्याकडेही महिन्याचं असंच असतं.

यादी मी पावतीच्या पाठीमागे लिहून नेलेली:
माझा फोन, कारखान्याचा हिशोब त्यातच.
निहारिकाचा, तडा गेलेला;
बारावीचं सगळं रसायनशास्त्र त्या तड्याखालून वाचते पोरगी.
हातभर उंचीचा पंखा, दुपारच्या लाइट जाण्यासाठी.
आणि खाली, उरलेल्या जागेत, पेन्सिलनं
नान्नांचं कानाचं यंत्र,
साबणाच्या डबीएवढ्या पेटीत ठेवतात ते.

नान्नांनी चौतीस वर्षं यंत्रमाग चालवले.
शेडमधून घरी आले तरी
ओरडूनच मीठ मागायचे.
मग हळूहळू मीठ मागायचंच थांबले.

वीस हजारवाली घेतली. तीन तोंडं तिला.
रेवणसिद्धनं दोनशे कमी केले, वायर फुकट दिली.

त्याच रात्री विडी घरकुलात लाइट गेली.
फोन लागले, पंखा लागला,
निहारिका म्हणाली, आई, भारीये.
सगळ्यांचं भरून झाल्यावर नान्नांची डबी जोडली.
हिरवा ठिपका उजळला.
अर्ध्या मिनिटानं विझला.
वायर काढून परत लावली. उजळला, विझला.
सकाळी चहा म्हटलं तर
ते माझ्या ओठांकडे बघत राहिले.

तणतणत गेले दुकानात. पैसे परत दे.
रेवणसिद्धनं पेटी उघडली, मिटली,
आणि शांतपणे म्हणाला,
"बिघाड काही नाही, अक्का.
हे यंत्र इतकं थोडं ओढतं
की बँकेला वाटतं, तिकडे कुणी नाहीच.
मग ती आपली बंद होते."

गिऱ्हाइकं होती मागे, कुणीतरी सरका म्हणालं.
मी तिथंच.
ताटात दुसरी भाकरी पडली नाही
तरी हात धुऊन उठणारा माणूस,
दिवाळीच्या बोनसला रांगेत शेवटी,
डॉक्टरला म्हणालेला, एकाच कानाचं द्या, पुरतं की.
आणि ती पेन्सिल.

"बटण दोनदा दाबायचं," रेवणसिद्ध म्हणत होता,
"लगोलग. मग कितीही कमी मागू दे,
दोन तास जागी राहते.
सगळ्यांत नसते ही सोय. ह्यात आहे, तुमचं नशीब.
आधी सांगितलं असतं तर आधीच दाखवली असती."
आधी सांगितलं असतं तर.

आता लाइट गेली की पहिली डबी.
टक टक.
मग पंखा, मग पोरगीचा फोन,
माझा राहिला तर राहिला.

परवा रात्री अंधारात, दोन तासांनी,
नान्नांनी यंत्र कानात बसवलं,
थोडा वेळ छताकडे बघत पडून राहिले,
मग चौतीस वर्षांच्या त्या जुन्या आवाजात, ओरडूनच,
"ह्या पंख्याचं बेअरिंग गेलंय गं!
आणल्यापासून असाच वाजतोय का?"

हो म्हटलं.
आणल्यापासून.