तिसरा गडी

नेसा, मेक्सिको शहराची धुळकट कड.
डोन्या रेफुहिओच्या दुकानात
तोर्तियांचं यंत्र दिवसभर कुरकुरायचं
आणि त्याच्या उबेला पाठ टेकून उभी असायची ती पेटी.
काठावर सिगारेटचे चटके, डावीकडची दांडी सैल,
बटणांवर पिठाचा हात.

मला धाडलेलं असायचं किलोभर तोर्तियांना.
रांग लांब दिसली की बरं वाटायचं.
रोज एक पेसो कमी परत यायचा,
आई म्हणायची, भाव वाढला वाटतं.

एका नाण्यात तीन माणसं.
गारूड म्हणाल तर एवढंच.
दुसऱ्या पेट्यांत तुम्ही एकटे,
पडलात की खेळ संपला, व्हा बाजूला.
इथे पहिला आडवा होतो
तेव्हा दुसरा कडेला मनगट फिरवत उभाच असतो.
आणि ज्यानं पाडलं, तोही आता धापा टाकतोय,
त्याची पिवळी पट्टी पूर्ण भरत नाही पुन्हा.
हरणाऱ्यानं जाता जाता जे ओरबाडलं
ते हिशेबात राहतं.

तीन तिघाडा, काम बिघाडा म्हणणाऱ्यानं
ही पेटी पाहिली नव्हती.

पण आधी लावायचा क्रम.
टायरवाल्याचा आबुंदिओ सगळ्यात दांडगा पहिलाच सोडायचा,
दम धरणं त्याच्या रक्तात नव्हतं.
ओदिलोन, मास्तरांचा, सगळ्यात कच्चा आधी पाठवायचा:
खाऊ दे त्याला मार, तोवर मी तुझा हात वाचतो.
मी शेवटी ठेवायची छत्रीवाली बाई,
जी कुणीच घेत नसे.
लंगडायची. उडी बुटकी.
तिची छत्री उघडायला मात्र
समोरच्याच्या घाईएवढाच वेळ लागायचा.

त्या शनिवारी आबुंदिओनं
माझे दोन गडी चुटकीसरशी झोपवले.
त्याचे तीनही शाबूत.
तो हसलाही नाही, नुसतं
पँटला तळवे पुसले.

मग छत्री.
पहिला गेला, कसा ते मला आजही सांगता येणार नाही.
दुसऱ्याच्या वेळी मागचा गलका थांबला.
तिसऱ्याच्या वेळी माझी पट्टी
नखाएवढी लाल,
आणि आबुंदिओ पहिल्यांदाच मागे सरकत होता,
दम धरत होता,
आयुष्यात पहिल्यांदा, आणि नको त्या वेळी.

छत्री उघडली.

ओरडायला मी मागे वळले
तर सगळे रांगेकडे बघत होते.
माझी कापडी पिशवी
जमिनीवरून पार गल्ल्यापाशी पोचली होती.
माझा नंबर आला होता.
सहा डाव, आणि रांगेतल्या बायका
गप्पा न थांबवता, खाली न बघता
ती चपलेच्या टोकानं पुढे ढकलत राहिल्या होत्या.
डोन्या रेफुहिओनं वजन केलं, कागद गुंडाळला,
एक तोर्तिया वर टाकली, मीठ लावून.
कोण जिंकलं, विचारलं नाही.

आबुंदिओ पेटीशी वाकून
सैल दांडी घट्ट करत बसला.
दोष तिचाच, असं त्यानं नंतर सोमवारपर्यंत सांगितलं.

आता दुकानात पेटी नाही,
तिथे थंड पेयांचा फ्रीज उभा आहे, त्याच कोपऱ्यात, तसाच गुरगुरत.
बाबांना दवाखान्यात ठेवलं तेव्हा
आम्ही तिघं भावंडं जिन्यात बसून
रात्री वाटत होतो.
थोरली ओतिलिया म्हणाली, पहिली मी.
सिरिलोनं मधली घेतली, न बोलता.
मला कुणी विचारलंच नाही.

मी पिशवी पायाशी ठेवली
आणि भिंतीला टेकून
मनगट फिरवत उभी राहिले.