घट

आडेलीच्या कारखान्यात साडेआठला
ट्रकमधून ऐंशी गोणी उतरल्या.
प्रत्येकीवर निळा शिक्का : बिसाऊ.
मी वहीत लिहितो, बिसाऊ, ऐंशी, माल कच्चा,
आणि काट्यापाशी बसतो. काटा शेटचा,
खुर्ची तेवढी माझी.

प्रभावती आरोलकर पहिली गोणी ओतते.
काजी घरंगळतात, आणि काजींसोबत
सात-आठ लाल खडे,
सुपारीएवढे, गुळगुळीत, कुणीतरी निवडून घेतलेले.
ती एक उचलते, पदराला पुसते
आणि हसत सुटते.
"बगा हो रेडकरानू, थयव तसाच!"

(तिच्या वाडीत विकायच्या काजी आदल्या रात्री
ओल्या गोणपाटाखाली ठेवतात.
मला माहीत आहे. मला माहीत आहे हे तिला माहीत आहे.
किलोमागे शंभर ग्रॅम मी न बोलता कापतो.)

"खय आसा ह्या बिसाऊ?"
आफ्रिकेत, म्हटलं. समुद्रावर.
"समुद्र आसा? मगे फोडूक कोण नाय थय?"

आता हिला काय सांगू.
बी.कॉम.ला एक प्रश्न यायचा, सहा मार्कांना :
देश गरीब का राहतात.
हवा उष्ण, भांडवल अपुरं, लोक अडाणी, सरकार कमकुवत.
मी सगळं लिहिलं आणि साडेचार मिळाले.
दीड मार्काचं कारण कुठलं राहिलं
ते अजून कळलेलं नाही.

आमच्या रेडीची लाल माती
माझ्या डोळ्यांदेखत बोटी भरभरून गेली.
परत आल्या त्या बिजागऱ्या. बाजारभावाने.

बाया हाताला राख चोळून बसल्यात.
पाय दाबला की पातं मिटतं, कवच दुभंगतं,
चीक उडतो. प्रभावतीच्या बोटांचे ठसे
केव्हाच झिजलेत; रेशनच्या दुकानातलं यंत्र
तिला ओळखत नाही.
पाकळी, तुकडा इकडेच खपतो.
अख्खा गर डब्यात बसून पुढे जातो,
आणि जिथे त्याला मीठ लागतं, नाव मिळतं,
तिथे काजूचं एकही झाड नसतं.

एकदा वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला होता.
बिसाऊच्या बाईला इतके, आमच्या बाईला इतके,
शेटना इतके. शेट म्हणाले, अरे भाव माझ्या हातात कुठे,
सकाळी फोन येतो.
फोन कुठून येतो
ते विचारायचं राहून गेलं.

खडे तोलले. चारशे दहा ग्रॅम.
रकाना : घट.
मोजायला आणले तेव्हा आठ होते बहुतेक,
टाकताना सात.

संध्याकाळी प्रभावतीने गराची पाटी काट्यावर ठेवली.
नेहमीपेक्षा किंचित जड.
ती समोरच्या भिंतीकडे बघत होती.
मी आकडा लिहिला, होता तेवढा.
पाटीत हात घातला नाही.