अकरावा रकाना

आयोवात, नदीच्या वळणावर आमचं गाव.
वारा कुठला ते आम्ही नाकाने सांगतो :
दक्षिणेचा असला की चर्चच्या पायऱ्यांवरसुद्धा
लोण्याचा वास.
कारखान्यात लोणी मात्र औषधालाही नाही.

मी तिथे कागद करते.
प्रत्येक पिंपासोबत एक कागद जातो, सोळा रकान्यांचा.
रंग : फिकट पिवळा.
सांडल्यास : वाळू टाका.
डोळ्यात गेल्यास : पंधरा मिनिटं पाणी.
अकराव्यात विचारलेलं असतं, शरीरात गेलं तर काय होतं.
गिळल्यास : निर्धोक. उंदरांवर पाहिलेलं आहे.
श्वासातून गेल्यास : माहिती उपलब्ध नाही.

तीन शब्द. बोटांना पाठ.
हल्ली मी नुसतं 'मा' लिहिलं
की संगणक पुढचं आपणहून लिहून टाकतो.

पहिल्या वर्षी विचारलं होतं मी लेलँडसाहेबांना :
उपलब्ध नाही म्हणजे शोधली आणि सापडली नाही,
की कुणी शोधलीच नाही?
ते हसले. "व्हर्ना, खायची वस्तू आहे ही.
पोरंसोरं खातात. मेलंय का कुणी?"
आणि खरंच,
खाऊन कुणी मेलं नव्हतं.

तोंड एकच, पण आत गेल्यावर वाटा फुटतात.
एका वाटेच्या नाक्यावर जठर बसलेलं,
जुनं, मुरलेलं, हातात आम्ल घेऊन.
दुसऱ्या वाटेवर पहाऱ्याला कुणी नाही.
बारीक होत जाणाऱ्या नळ्या, त्यांच्या टोकाला ओले फुगे,
दारात आलेल्याला नावगाव न विचारता
आत घेणारे.

रॉयस टिमरमन मिश्रणाच्या खोलीत होता, सहा वर्षं.
गरम टाकीचं झाकण उचलायचा, आत वाकून बघायचा,
सर्दीला घेतात तशी वाफ तोंडावर घ्यायचा.
संध्याकाळी त्याची कुत्री त्याची मनगटं चाटत बसायची.
त्या नोव्हेंबरात तो हरणाच्या शिकारीला निघाला
आणि कुंपणापर्यंत जाऊन परत आला.
डॉक्टर म्हणाले, दमा.
मग म्हणाले, सिगारेट.
तो म्हणाला, मी ओढत नाही.
ते म्हणाले, तरीपण.

शेवटी शहरात नेऊन यंत्रात फुंकायला लावलं :
फुंक, फुंक, अजून, अजून, सोडू नकोस.
कागदावर रेघ टेकडीसारखी चढायला हवी होती.
ती आयोवासारखीच राहिली, सपाट.

त्याची बायको डार्लीन माझ्या टेबलापाशी आली,
कोटावरचा बर्फ न झटकताच.
म्हणाली, त्या पिंपांचा कागद दे.
बोट एकेका रकान्यावरून खाली उतरत गेलं,
अकराव्यावर थांबलं.
ती ओठ हलवत वाचत होती.
मग केवढी सुटल्यासारखी हसली :
"नाही, असं लिहिलंय. म्हणजे याच्यात काही नाही ना?"

मी काय म्हणाले ते मला आठवत नाही.
म्हणजे, आठवतं.

त्या खोलीतले आणखी चौघे निघाले.
मग साहेबांनी तो रेणू बदलला.
आता त्याचा चुलतभाऊ येतो, एक कार्बन जास्त,
चेहरामोहरा तोच, वास तोच,
फक्त त्याच्याबद्दल अजून कुणाची तक्रार नाही.
नवा माल, नवा कागद.
मी 'मा' लिहिलं. पुढचं आलं.
ते पुसून मी लिहिलं :
कुणी तपासलेलं नाही.

मुख्य कार्यालयातून कागद परत आला,
समासात लाल शेरा : टंकनदोष.

रविवारी रॉयसच्या व्हरांड्यात गेले होते.
नाकात नळी, पायाशी सिलिंडर, मांडीवर कुत्रीचं डोकं.
वारा कुठला आहे गं, त्याने विचारलं.
झाडांकडे बघून मी म्हटलं, उत्तरेचा.
खोटं बोलले.

मंगळवारी चाळीस पिंपं गेली,
प्रत्येकाच्या अंगावर प्लॅस्टिकच्या पाकिटात माझा कागद.
कुठल्या कुठल्या गावांत
आत्ता कुणीतरी झाकण उचलून वाकत असेल,
नीट मिसळलंय ना, एवढंच बघायला.