सात नंबर

खडकी बाजारात, मिलिटरीच्या जुन्या मालाच्या दुकानात
अंतोनीसामी आधी मला लेडीज सँडल दाखवतो.
मग माझ्या खाकीकडे बघतो,
छातीवरची पाटी वाचतो, स. धों. हिले, वनरक्षक,
आणि स्टूल पुढे सरकवतो.

गणवेश भत्त्याचे सतराशे, वर माझे नऊशे.
मी सांगते काय हवं ते.
करवंदीचा काटा ज्याच्यापुढे हात टेकेल असा तळ.
घोट्याला पकड, कारण आमच्याकडचा उतार मुरमाचा,
पाय मुरगळायला टपलेलाच असतो.
शिवण दुहेरी.
आणि आवाज नको.

"आवाज?"
नवं कातडं कुरकुरतं, मी म्हणते,
आणि मला ज्यांच्या मागे जायचंय
त्यांचे कान चांगले आहेत.

"वाघ का, ताई?"

माणसं.
डुकराच्या वाटेवर क्लचवायरचे फास लावणारी.
डुक्कर सुटतं. बाकीचं अडकतं.
भाद्रपदात एक बिबटी मिळाली, तार कमरेला.
मरेपर्यंत तिने पंज्यांनी
उसाचा बांध हातभर उकरून ठेवला होता.
पंचनाम्यात मी लिहिलं, हातभर.
साहेबांनी सेंटिमीटर करायला सांगितले.

अंतोनीसामी गप्प. मग वरच्या फळीवरून
खोकं उतरवतो: "हे पूर्ण वॉटरप्रूफ."
मी बादली मागते.
बुटात कालचा पेपर कोंबून
घोट्यापर्यंत पाण्यात उभा करते
आणि आम्ही चहा पितो, दोघंही बादलीकडे बघत,
दूध उतू जाईल म्हणून बघावं तसं.
पेपर कोरडा.
आता दुसऱ्या बुटात मी तांब्याभर पाणी ओतते.
तो ओरडतो. एक थेंब बाहेर येत नाही.
म्हणजे ओढा एकदा वरून आत आला
की दिवसभर त्याला पायात घेऊन हिंडायचं.
हे खोक्यावर लिहिलेलं नसतं.

माझा बाप अनवाणी शिकार करायचा,
म्हणजे करायची नाही असं ठरल्यानंतरही.
त्याच्या टाचेवर विळा पाजवता आला असता.
मला पुढे घालून तो माग वाचायला लावायचा:
ही पोटुशी.
हा दमलाय.
आणि एकदा, ओढ्याकाठच्या गाळात, माणसाचं पाऊल बघून:
हा खोटं चालतोय.
कसं कळलं ते सांगितलं नाही.
गावातली आणखी दोन पोरं तेव्हा आमच्यामागे असायची.
ती आता मोठी झालीत. तार विकत घेतात.

"नंबर?" चार.
अंतोनीसामी हसतो, वाईट नाही, दमल्यासारखा.
"या मालात चार येत नाही, ताई. सगळ्यात लहान सात.
दोन मोजे घाला."
बाजारात इतर दुकानं होती. चारचेही बूट होते,
गुलाबी नाडीचे, पहिल्या कातळावर तळ सोडणारे.

मी सात घालून दुकानात चालते,
फाटकातून पलटणीच्या घोंगड्यांपर्यंत आणि परत.
माझ्या मनात एक गोष्ट येते आणि जात नाही.
गाळात सातचा ठसा उमटेल.
ते म्हणतील, हिलेची पोरगी बदलून गेली,
नवा गडी आलाय, जड आहे.
चार-दोन दिवस बिनधास्त होतील, किंवा उलट, घाबरतील.
दोन्ही चालेल.

मग बापाचा आवाज, विडी दातात धरून:
टाच रुतलीय, पंजा नाही.
पायताण सातचं, पाय चारचा.
त्या दोघांनाही हे दिसेल का?
त्याने त्यांना किती शिकवलं होतं, आणि मला किती?

कोरडा राहिलेला पेपर मी फेकत नाही.
घडी घालून पुढच्या टोकात दाबते,
घट्ट, पंजाने जमीन मागावी इतका.
अडीच हजार देते. मेणाची डबी तो फुकट टाकतो,
शिवणीला लाव म्हणतो, रात्री, चुलीजवळ, पण फार जवळ नको.

वाकडेवाडीहून मंचरची एसटी.
खोकं मांडीवर.
शेजारची बाई झाकण उचलून बघते,
"मालकांना का?"

हो, मी म्हणते.
जमतंय का ते बघावं म्हणून.