दीडपट

हाप्सालूत डिसेंबरात साडेतीनलाच दिवा लागतो.
हेल्यो जिना चढून आली, लॅपटॉप
ताटासारखा दोन्ही हातांवर आडवा.
"पुतण्याने पाठवलाय ताल्लिनहून. पडदा फार भारी आहे म्हणे.
इतका भारी, की मला काही दिसत नाही."

खरंच होतं. चौदा इंचांत बावन्न लाख ठिपके,
आणि अक्षरं म्हणजे साखरेला लागलेल्या मुंग्या.
शंभर टक्के: मुंग्या.
दोनशे टक्के: एकेक बटण बशीएवढं,
आणि 'ठीक आहे' म्हणायचं बटण
पडद्याच्या तळघरात गेलेलं.
मधे काही नाही.
जणू डोळ्यांना मधलं वय नसतंच.

टर्मिनलमध्ये एक लांबलचक ओळ लिहिली
(सोय प्रायोगिक आहे, असं तिथेच बजावलेलं),
बाहेर पडलो, परत आत आलो.
यादीत नवे पाहुणे: सव्वाशे, दीडशे, पावणेदोनशे.
दिडकीचा पाढा वडिलांना यायचा. मला कधी आला नाही.

"दीड," मी म्हटलं. "तुमच्याकडे काय म्हणतात?"
"पोलतेइस्त."
तिने हातावर हात ठेवून दाखवलं: अर्धा, दुसऱ्यातला.
एक पुरा झालेला, दुसरा निम्म्यावर.
आमचा दीडही तिथूनच झिजत झिजत आलाय, हे
तिला सांगायला माझी एस्टोनियन पुरली नाही.

दीडशेवर सगळं स्वच्छ.
फक्त तिचा नक्ष्यांचा प्रोग्राम, वीस वर्षांचा,
धुक्यात उभा.
मी समजावलं: तो जुन्या वळणाचा. नव्या पडद्याशी
थेट बोलत नाही, मधे दुभाष्या लागतो.
दुभाष्या आधी लहान चित्र काढतो, मग ते ताणतो.

"ताणतो? ओलं करून?"

मला खाली घेऊन गेली.
लाकडी चौकट, भोवती खिळेच खिळे,
आणि त्यांच्यावर पांढरी शाल, वाळत.
सुयांवरून उतरते तेव्हा ही
भिजलेल्या मांजरीसारखी असते, ती म्हणाली.
धुवायची. चारी अंगांनी टाचायची.
एक टोक जास्त ओढलंस की सगळ्या कळ्या तिरक्या.
वाळली की दीडपट होते,
आणि तरी अंगठीतून जाते.

मग चष्मा काढून, पुसून, परत लावून:
"पण ताणायचं ते विणलेलं.
विणल्याचा फोटो ताणून काय होणार?"

वर आलो. पडदा परत शंभरावर नेला
आणि फक्त अक्षरांना सांगितलं, दीडपट व्हा:
ताणून नव्हे, पहिल्या टाक्यापासून.
बाणही मोठा केला. नक्ष्याचे चौकोन
त्या प्रोग्रामच्याच भिंगाने वाढवले.
धुकं गेलं. काही चिन्हं अजून चिमुकलीच आहेत,
ती म्हणाली, राहू देत, ती मी वापरत नाही.

एकशे अठरावी ओळ. तिने बोट ठेवून मोजली:
दोन उलटे, एक सुटा, मग कळी.
ओठ हलत होते.

लॉग-इनच्या पानाला मात्र यातलं काहीच कळलेलं नाही.
तिथे अजून मुंग्या.
मी ते करायला बसलो तर तिने झाकणच मिटलं.
तिथे वाचायचं काय, म्हणाली,
तिथे माझं नाव असतं. ते बोटांना येतं.