तात्पुरतं

ओरेस्टचं घर मी घेतलं तेव्हा
चाव्यांच्या जुडग्यासोबत त्याने दिले
कॉफीचे अकरा डबे:
वाकडे खिळे, जोडीदार नसलेले नट,
कशाचीतरी स्प्रिंग, कशाचातरी दात.
म्हणाला, "टाकू नकोस. लागतं."
मग मुलाच्या गाडीत बसून विनिपेगला गेला,
म्हाताऱ्यांच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर,
जिथे नळ गळला तर फोन करतात.

पहिल्या हिवाळ्यात मला कळलं
की हे घर चिकटपट्ट्यांवर उभं आहे.
प्रत्येक पट्टीवर सुताराच्या पेन्सिलीने
एकच शब्द आणि साल.
भट्टीच्या झाकणाला पिळलेली तार: तात्पुरतं, १९८७.
तळघराच्या तिसऱ्या पायरीखाली
आडवी ठोकलेली हॉकीची काठी: तात्पुरतं, १९९४.
गॅरेजच्या दाराला वजन म्हणून टांगलेली
वाळूने भरलेली लोणच्याची बरणी,
काच तडकलेली, तिलाही पट्टी.
तिच्यावर साल नव्हतं.
नुसतं: बघू.

मी शाळेची बस चालवते.
उणे चौतीसात तिच्या इंजिनाला
रात्रभर वायर लावून ऊब द्यावी लागते,
आजारी वासराला द्यावी तशी.
इथे सगळंच असं, विचारपूस मागणारं.
गोठलेली जमीन दर वर्षी
कुंपणाचे खांब वर ढकलते, हलत्या दाढांसारखे,
आणि दर वर्षी मी घण घेऊन
तिला सांगायला जाते की नाही, अजून नाही.

एप्रिलमध्ये बर्फ वितळला
आणि रात्री दोन वाजता तळघरात
माझी चप्पल माझ्याआधी चालू लागली.
पंप गुणगुणत होता, उपसत नव्हता.
ओरेस्टने पहिल्याच रिंगला फोन उचलला,
जणू हातात धरूनच झोपला होता.
"गोळा अडकलाय. डावीकडून टकटक कर.
हळू.
एवढं हळू नको गं, पाहुणी आहेस का?"
पंपाने ढेकर दिली. पाणी उतरू लागलं.
मी फोन पंपाजवळ धरला.
तो ऐकत राहिला, पाच मिनिटं, सहा,
कुणी कुणाशी बोललं नाही.
मग म्हणाला, "बेअरिंग कुरकुरतंय.
ऑगस्टपर्यंत टिकेल."

पंप बंद पडला नऊ ऑगस्टला.

नवा मी बसवला, एकटीने,
तीनदा उलटा आणि मग सुलटा.
त्याच उन्हात फाटकाची तुटकी बिजागरीही सांधली:
माझं पहिलं वेल्डिंग,
चघळून चिकटवलेल्या च्युइंगमसारखं.

सप्टेंबरात तो आला.
भोवती कॅनोला कापून झाला होता,
शेतं दाढी केलेल्या गालांसारखी.
घरात आलाच नाही. फाटकापाशी थांबला.
सांध्यावरून अंगठा फिरवला, उलटा, सुलटा.
फाटक उघडलं. लावलं.
पुन्हा उघडलं, कान देऊन.
"तेल?"
"घातलं."
"हं."

या "हं"वर माझा अख्खा हिवाळा निघाला असता.
पण तो कौतुकाला आला नव्हता.
थेट गॅरेजात गेला, चौथ्या डब्यात
न बघता हात घातला, आणि काढला
दहा नंबरचा पाना.
विजारीला पुसून खिशात टाकला.
"हा माझा."

"चौथ्या मजल्यावर कशाला?"

"जेवणाच्या खोलीत एक टेबल डुगडुगतं,"
तो म्हणाला, आणि आवाज खाली आणला.
"ती माणसं पायाखाली पुठ्ठा घालतात.
घडी करून.
पुठ्ठा!"

चेहऱ्यावर असा संताप, की
कुणी कुणाचं दिवसाढवळ्या घर लुटलं असावं.

मी हॉकीच्या काठीचा विषय काढला नाही.