बाष्पीभवन

सड्यावर पाऊस कमी, असं कोणी म्हणू नये.
चार महिने तो कातळ बडवतो
आणि दसऱ्याच्या सुमाराला उतरून जातो वहाळातून खाडीत.
एवढा जेवला,
उष्टं ताटसुद्धा ठेवलं नाही मागे.
जांभ्याला भोकं, भोकांच्या आत भोकं.
पाणी राहत नाही.
आम्ही राहतो.

झोऱ्यांची सात घरं, आखाड्यांची चार.
खालच्या वाडीतल्या विहिरीला चैत्रात भरतीची चव,
डाळ शिजत नाही, चहात दूध फाटतं.
मागे एक नळयोजना येऊन गेली.
तिची कोनशिला आहे अजून,
म्हशी पाठ घासतात.

म्हणून या खेपेला आम्ही आधी छप्परं मोजली.
पन्हळी, जाळी, वाळू-कोळशाचा डबा,
आणि शाळेमागे तारेची नि सिमेंटची पोटुशी टाकी,
आम्हीच लिंपलेली.
गिलाव्यात बायजीचा डावा पंजा उमटलाय,
सहा बोटांचा.
छपराची धूळ जाईतोवरचं पाणी सोडून द्यायचं.
नवरात्रात झाकण, झाकणाला कुलूप,
होळी पेटेपर्यंत उघडायचं नाही,
मयत झालं तरी नाही,
हे ठरावात आहे.

किल्ली बायजीकडे. काठी माझ्याकडे,
कारण मी नववी पास.

काठी माणग्याची, सरळ बघून तोडलेली.
टाकीत सोडायची, वर काढायची,
ओल कुठवर चढली ते वहीत लिहायचं.
अकरा घरं, घराला दोन कळश्या, फक्त प्यायला.
रोज एक बोट उतरतं.
अशी बोटं मोजत मोजत
मिरगापर्यंत जायचं.

पाडव्यानंतर तिसऱ्या दिवशी दीड बोट उतरलं.
काठी पुसली, पुन्हा सोडली.
दीडच.
वरचं अर्धं म्हणजे
बायजीच्या सहाव्याएवढं.

धोंडू आखाड्याची सुगंधा बाळंतपणाला आली होती.
त्यांच्या वईवर दुपटी वाळत होती, बारा.
विहिरीच्या पाण्यात धुतलेलं कापड
पापडासारखं कडक होतं, पिवळं पडतं.
मी जाता जाता एकाला हात लावला.
मऊ.

बायजीला विचारलं.
ती शेण थापत होती, वर बघितलं नाही.
"झाकनाला फट असंल," म्हणाली. "वाफ होते."
मग मला शाळेतला शब्द आठवला.
वहीत लिहिलं : बाष्पीभवन, अर्धं बोट.
दुसऱ्या दिवशीही लिहिलं.
अक्षर चांगलं काढलं.

तालुक्याचे साहेब आले, परडकर नावाचे.
बाटलीत पाणी घेतलं, औषध टाकलं,
काळी झाली नाही तर पिण्याजोगं, म्हणाले.
मग वही चाळली.
"बंद टाकीत बाष्पीभवन?
सावलीत? रात्रीचं?"
सगळी सभा आपापल्या पायांकडे बघत बसली.
बायजीने हात पदराखाली घेतला.
शेवटी रामा झोरे म्हणाला, जो कधी बोलत नाही,
"आमच्याकडं होतं, सायेब."

साहेबांनी चष्मा काढला, वईकडे बघितलं,
परत घातला.
शेऱ्यात लिहून गेले : गळती नाही.

त्यानंतर काय झालं ते ठरावात नाही.
कोणी कोणाला सांगितलं नाही.
पण नळाखाली कळश्या गळ्यापर्यंत भरेनात.
चार बोटं खालीच बायका उचलायच्या,
जड झाली म्हणायच्या.
काठीवर पुन्हा एकच बोट उतरायला लागलं,
दुपटी मात्र रोज बारा.

बाटली माझ्या फडताळात होती दोन दिवस.
काळी झाली नाही.

सुगंधाची पोर आता चालते.
शिमग्याला आली की
टाकीवर थाप मारते, कान लावते.
भरलेली टाकी बद्द वाजते, रिकामी घुमते,
हे तिला कोणी शिकवलं नाही.
मी काठी घेऊन पोचायच्या आत
ती त्या सहा बोटांच्या ठशावर हात ठेवून
मला सांगते,
"हाय."

मी तरीही मोजते.